२१४७४८३६४७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची यादी वर्षानुवर्षं वहीत असायची. एका वर्षी उत्साहाच्या भरात मी ती कॉम्प्युटरवर चढवली. दुसऱ्याच दिवशी खजिनदार काकांचा फोन आला : "अरे, तिन्ही विंगमधल्या सगळ्यांचा मोबाइल नंबर एकच कसा काय?" उघडून बघितलं तर खरंच. साठ-सत्तर घरं आणि प्रत्येकापुढे २१४७४८३६४७. चूक माझीच होती. ती कशी झाली हे समजावून सांगता सांगता इतके प्रश्न आले की म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

ही संख्या वाचायची कशी?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं दिले तर २,१४,७४,८३,६४७. अब्ज म्हणजे शंभर कोटी, त्यामुळे 'दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख...' म्हटलं तरी चालतं, आणि बोलताना बहुतेक जण तसंच म्हणतात.

असला वेडावाकडा आकडा आला कुठून?

वेडावाकडा तो फक्त आपल्याला दिसतो, कारण आपण दहाच्या पटीत मोजतो. १ पासून सुरू करा आणि दुप्पट करत जा : २, ४, ८, १६... दहाव्या दुपटीला १,०२४, विसाव्याला १०,४८,५७६, तिसाव्याला १,०७,३७,४१,८२४. एकतिसाव्या दुपटीला २,१४,७४,८३,६४८ येतात. त्यातून एक वजा केला की आपली संख्या. थोडक्यात २^३१ − १. (^ ही खूण घातासाठी, पुढेही तीच वापरतो.)

१०,००० मधून १ वजा केला की ९,९९९, म्हणजे नुसते नऊच नऊ. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून लिहायच्या) हेच होतं, फक्त तिथे सगळ्यात मोठा अंक १ असतो. म्हणून कॉम्प्युटरच्या भाषेत ही संख्या म्हणजे ओळीनं एकतीस वेळा १. इतकी नीटनेटकी संख्या शोधून सापडणार नाही.

मग सगळ्यांचे मोबाइल नंबर तेच का झाले?

डेटाबेसमध्ये रकाना तयार करताना त्यात काय मावणार ते आधी सांगावं लागतं. मी 'इंट' निवडलं, म्हणजे साधा पूर्णांक. त्याला ३२ बिटं मिळतात (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढी जागा). एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातं, उरली ३१. ती सगळी १ केली की मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७.

आता भारतातला मोबाइल नंबर बघा. दहा अंकी, आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे संख्या म्हणून बघितलं तर प्रत्येक नंबर सहाशे कोटींच्या पुढचा. एकही मावणार नाही. मायएसक्यूएल (मी वापरलेला डेटाबेस) कडक शिस्तीत चालत असेल तर 'मर्यादेबाहेर' म्हणून तक्रार करतं. शिस्त सैल ठेवली असेल तर मात्र पोत्यात भरता येईल तेवढं भरतं आणि उरलेलं सोडून देतं, म्हणजे कमाल किंमत लिहून मोकळं होतं. माझी शिस्त सैल होती.

चिन्हाचं बिटही संख्येलाच दिलं तरी भागत नाही. मग कमाल ४,२९,४९,६७,२९५ होते, आणि सहाशे कोटी अजून लांबच. खरं उत्तर सोपं आहे : फोन नंबर ही संख्याच नव्हे. दोन नंबरांची बेरीज कोणी करतं का? तो मजकूर म्हणून साठवायचा.

अमेरिकेत ही गंमत आणखी एका पायरीनं पुढे जाते. तिथले फोन नंबरही दहा अंकी आणि २१४ हा टेक्सासमधल्या डॅलस शहराचा कोड. त्यामुळे २१४-७४८-३६४७ हा अगदी खराखुरा नंबर दिसतो. माझ्यासारख्या चुका करणाऱ्यांच्या यादीत अख्ख्या देशातले ग्राहक डॅलसला राहायला जातात.

ही मूळ संख्या आहे का?

आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही निःशेष भाग जात नाही. मूळ संख्या क्रमानं लिहायला बसलात तर २ पहिली, ३ दुसरी, आणि ही १०,५०,९७,५६५ वी.

कशावरून? एवढ्या मोठ्या संख्येचे भागाकार कोण करत बसलं?

लिओनार्ड ऑयलर, अठराव्या शतकातला स्विस गणितज्ञ. या पानावरचा माझा सगळ्यात आवडता भाग हाच, त्यामुळे इथे जरा ऐसपैस बसतो.

शाळेतली रीत अशी : वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंत मूळ संख्या जवळपास ४,८००. म्हणजे दहा अंकी संख्येचे ४,८०० भागाकार, हातानं, आणि एकही चुकता कामा नये. ऑयलरनं भागाकार सुरू करण्याआधी प्रश्न बदलला : भाग जाऊच शकेल अशा संख्या कोणत्या?

समजा प ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे २^३१ ला प ने भागलं तर बाकी १. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा एक सिद्धांत सांगतो की २^(प−१) ला प ने भागलं तरी बाकी १ च राहते. ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायच्या तर प−१ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम, म्हणून प−१ सम. दोन्ही मिळून : प−१ हा ६२ च्या पटीत.

अजून एक चाळणी आहे. २^३२ म्हणजे २^३१ ची दुप्पट, त्यामुळे तिला प ने भागलं की बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. एखाद्या वर्गाला प ने भागून २ बाकी उरते ती फक्त प ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरत असेल तरच. दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की प दोनच साच्यांतला असू शकतो : २४८ च्या पटीत १ मिळवून, नाहीतर २४८ च्या पटीत ६३ मिळवून.

४६,३४० पर्यंत अशा संख्या उरतात ३७३. त्यांतही बऱ्याच संयुक्त, त्या बाद. सुरुवातीच्या लिहून बघा : ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. या अकरांत मूळ फक्त दोन, ३११ आणि १३०३. सगळी यादी अशी गाळली की शंभराच्या आत संख्या उरतात. ४,८०० वरून शंभराच्या आत! एवढे भागाकार माणूस करू शकतो.

ऑयलरनं ४६,३३९ पर्यंत तपासून संख्या मूळ असल्याचं योहान बर्नूलीला (या घराण्यात योहान तीन झाले, हा तिसरा) पत्रानं कळवलं, आणि ते १७७२ च्या बर्लिन अकादमीच्या ग्रंथात छापलं गेलं. तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होता, साठी ओलांडलेला आणि दृष्टी जवळपास गेलेली.

त्यातला एखादा भागाकार करून दाखवाल?

३११ घेऊ. थेट भागायचं तर ३११ × ६९,०५,०९२ = २,१४,७४,८३,६१२. बाकी ३५. म्हणजे भाग जात नाही.

पण इतकं मोठं भागायची गरजच नाही. नुसत्या बाक्या सांभाळत जायचं. २^१० म्हणजे १,०२४. त्यातून ३११ ची तिप्पट ९३३ काढली की ९१. २^२० साठी ९१ × ९१ = ८,२८१; ३११ ने भागून बाकी १९५. २^३० साठी १९५ × ९१ = १७,७४५; बाकी १८. २^३१ साठी दुप्पट, ३६. एक वजा केला, ३५. दोन्ही वाटांनी तीच बाकी. पाठकोऱ्या कागदावर दोन मिनिटांचं काम आहे. हौस असेल तर १३०३ करून बघा, २२६ उरायला हवेत.

'मर्सेन मूळ संख्या' म्हणतात ती हीच का?

हो, त्यांतली आठवी. २^न − १ या रूपातल्या मूळ संख्यांना मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचं नाव आहे. न = २, ३, ५, ७, १३, १७, १९ घेतलं की पहिल्या सात मिळतात, आणि ३१ ला आठवी. नुसता घात मूळ असला म्हणजे झालंच असं नाही : २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९.

मर्सेननं १६४४ साली २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली. त्यात ३१ होता. पण ६७ आणि २५७ ही होते, जे चूक निघाले. आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले. त्याही आधी इटलीतल्या कताल्दीनं २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घात मूळ संख्या देतात असं ठोकून दिलं होतं. २३ आणि ३७ फर्मानं १६४० मध्ये खोडले, २९ ऑयलरनं १७३८ मध्ये. चारांतला एकच बरोबर आला. याला अंदाज म्हणायचं की नेम, तुम्हीच ठरवा.

एक उपविशेषही आहे. घातातला ३१ हा स्वतः मर्सेन मूळ आहे (२^५ − १). अशा दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर फक्त चार माहीत आहेत : ७, १२७, आपली ही, आणि २^१२७ − १.

मग आपली संख्या घातात घातली तर? २^२१४७४८३६४७ − १ मूळ आहे?

नाही. तिच्यात ६४ कोटींहून जास्त अंक आहेत, पण तिचा एक विभाजक १९८३ मध्येच सापडला : २९५२५७५२६६२६०३१. मघाचीच चाळणी इथे लावून बघा. विभाजकातून १ वजा करा, २१४७४८३६४७ च्या दुपटीनं भागा. बरोब्बर ६८,७४५, बाकी शून्य. मी कॅल्क्युलेटरवर न करता कागदावर केलं आणि शेवटचं शून्य आल्यावर उगीचच खूश झालो.

आज हीच सर्वांत मोठी मूळ संख्या आहे का?

छे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं लिहून ठेवलं की हिच्यापासून बनणारी परिपूर्ण संख्या (ती काय ते पुढच्या प्रश्नात) ही आजवरची सर्वांत मोठी, आणि यापुढची कोणी शोधणारही नाही. कारण असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही. १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, तिच्यात ३९ अंक. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ मध्ये ४,१०,२४,३२० अंक आहेत. ल्यूक ड्युरंट यांनी ती जिंप्स या प्रकल्पातून शोधली. या प्रकल्पात जगभरातले हौशी लोक आपापली यंत्रं शोधकामाला लावतात.

उपयोग नाही म्हणालेल्या बार्लोसाहेबांना खालचे काही प्रश्न दाखवायला हवेत.

परिपूर्ण संख्या म्हणजे काय?

स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते ती. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. पुढे ४९६, मग ८,१२८. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागे एक परिपूर्ण संख्या मिळते, ही रीत युक्लिडची. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रीतीनं येते, हे ऑयलरनं सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे आजही कोणाला ठाऊक नाही.

आपल्या संख्येची जोडीदार अशी : २^३० × (२^३१ − १) = २३०५८४३००८१३९९५२१२८. ही आठवी. सातवी १२ अंकी होती आणि ही एकदम १९ अंकी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत करत चढत जाणाऱ्या नावांची शेवटची पायरी परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्यं. ही संख्या २३ परार्धांच्या थोडी पुढे जाते, म्हणून पायऱ्या संपल्यावर परार्धच मोजत बसावे लागतात.

शिवाय १ पासून २१४७४८३६४७ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीजही हीच.

शेजारीपाजारी कोण आहेत? जुळी मूळ संख्या आहे का?

जुळी नाही. दोनने कमी केलं की शेवटी ५ येतो. दोनने वाढवलं की २,१४,७४,८३,६४९, तिला ३ ने भाग जातो. पण भागून जे उरतं ते ७१,५८,२७,८८३ पुन्हा मूळच. मागची मूळ संख्या २१४७४८३६२९ आणि पुढची २१४७४८३६५९.

एकनं मागची संख्या मात्र भलतीच मनमिळाऊ : २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. म्हणून आपल्या संख्येला २, ३, ७, ९, ११, ३१ यांतल्या कशानंही भागा, बाकी १ च उरते. अंकांची बेरीज करून पडताळा : २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६, मग १०, मग १. नवानं भागून उरणारी बाकी तीच.

म्हणजे मूलांक १. ही शुभ संख्या आहे का?

हा प्रश्न खरंच आला. खजिनदार काकांकडूनच. मूलांक १ आला तो आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून; सोळाच्या पटीत लिहिली तर वेगळा येईल. वर्गणी त्यामुळे वाढली नाही.

दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का?

नाही. ४ ने भागून ३ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होत नाही. हिला तर ८ ने भागून ७ उरतात, म्हणून तीन वर्गांनीही भागत नाही. चार लागतातच, आणि चार पुरतात. कुठल्याही संख्येला चार वर्ग पुरतात हे लाग्रांजनं १७७० मध्ये सिद्ध केलं होतं.

आज अशा संख्या मूळ आहेत का, हे कसं तपासतात?

मर्सेनच्या साच्यातल्या संख्यांसाठी ल्युका आणि लेमर यांची कसोटी आहे. ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घात ३१ असेल तर २९ वेळा केल्यावर शून्य आलं पाहिजे. लहान नमुना ३१ चाच घेऊ (घात ५, म्हणून ३ वेळा) : ४ वरून १४, १४ वरून १९४, ३१ ने भागून ८, ८ वरून ६२, भागून शून्य. ३१ मूळ, सिद्ध. ऑयलरकडे ही कसोटी असती तर त्याचं काम एका दुपारचं होतं.

साचा नसलेल्या कुठल्याही संख्येसाठी वेगळ्या कसोट्या आहेत. त्यांतली सर्वांत गाजलेली आपल्याकडची : २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलेली.

संख्या मूळ आहे म्हणूनच ती कॉम्प्युटरची मर्यादा झाली का?

नाही, आणि हा गैरसमज मला बऱ्याच प्रोग्रामर मंडळींतही दिसला. मर्यादा ठरली ती ३१ बिटांमुळे. १६ बिटांच्या पूर्णांकाची कमाल ३२,७६७, म्हणजे ७ × ३१ × १५१, सरळ संयुक्त. ६४ बिटांची कमाल २^६३ − १ ही तर ७ नं दोनदा भाग जाणारी. मधल्या पायरीला मूळ संख्या आली, हा निव्वळ योगायोग.

मग मूळ असण्याचा फायदा कुठेच नाही?

एका ठिकाणी आहे, आणि तो झकास आहे. कॉम्प्युटरला यादृच्छिक वाटणारे आकडे पाडायचे असतात. जुनी रीत अशी : हातातल्या संख्येला १६,८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी घ्या, पुन्हा तेच. १ पासून निघालात तर १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३... भाजक मूळ आहे आणि १६,८०७ (७ चा पाचवा घात) नीट निवडलाय, म्हणून ही साखळी १ ते २१४७४८३६४६ मधल्या प्रत्येक संख्येला एकेकदाच भेटते आणि मगच सुरुवातीला परतते. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी 'निदान एवढं तरी वापरा' म्हणून हीच रीत सुचवली.

भाजक २^३१ − १ असण्याची आणखी एक सोय. ९ ने भागताना आपण अंकांची बेरीज करतो, कारण ९ म्हणजे १० − १. तीच युक्ती इथे : ३१-३१ बिटांचे तुकडे पाडा आणि बेरीज करा, भागाकार करावाच लागत नाही. आज मोठ्या कामांना ही साखळी तोकडी पडते, आणि ओटीपी किंवा पासवर्डसाठी ती चुकूनही वापरू नये. पुढचा आकडा कोणीही काढू शकतो.

मर्यादेत एक मिळवला तर काय होतं?

जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचं, तसंच. फक्त इथे शून्यावर न येता थेट −२,१४,७४,८३,६४८ वर. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे असंच घडतं. सी भाषेत तर काय होईल याची हमीच नाही. नीट बघा, उणे बाजूला एक संख्या जास्त आहे. तिची अधिक जोडीदार मावत नाही, म्हणून जावामध्ये −२१४७४८३६४८ चं केवलमूल्य (चिन्ह सोडून उरते ती किंमत) मागितलं तर तीच उणे संख्या परत मिळते. केवलमूल्य, आणि उणे!

हे प्रत्यक्षात कधी अंगाशी आलंय का?

डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल' या कोरियन गाण्याच्या व्हिडिओची दर्शनं या आकड्यापलीकडे जाऊ लागली आणि युट्यूबनं मोजणी ६४ बिटांची केल्याचं मिस्कीलपणे जाहीर केलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनानं बोइंग ७८७ साठी आदेश काढला : विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांच्या नियंत्रकातला गणक भरून वाहतो आणि वीज जाऊ शकते, म्हणून मधूनमधून बंद करा. २^३१ शतांश सेकंद म्हणजे दोनशे साडेअठ्ठेचाळीस दिवस, हिशेब बरोबर जुळतो. (ऑयलरचा २४८ वेगळा, हा वेगळा. पण मी दोन्ही एकाच दिवशी वाचले आणि थोडा वेळ गप्प बसलो.)

पैसे पैशांत मोजून इंटमध्ये ठेवले तर मर्यादा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. मुंबईत बऱ्याच फ्लॅटना एवढ्यात दारही उघडत नाहीत.

२०३८ चं काय प्रकरण आहे?

पुष्कळ यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. ते सेकंद ३२ बिटांत ठेवले असतील तर २१४७४८३६४७ वा सेकंद येतो मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला अशी यंत्रणा १३ डिसेंबर १९०१ ला जाऊन बसते. आपल्या वेळेनं १४ डिसेंबर, पहाटेचे सव्वादोन. अर्थात १९०१ मध्ये भारतीय प्रमाणवेळच नव्हती.

नव्या फोनमध्ये आणि सर्व्हरवर वेळ ६४ बिटांत असते, आणि ती मर्यादा २९ हजार कोटी वर्षांपलीकडची. काळजी आहे ती कुठेतरी भिंतीत बसवलेल्या जुन्या यंत्रांची आणि जुन्या फाइलींची. त्रासाला २०३८ उजाडायचीही गरज नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता काढणारा जुना प्रोग्राम आजच अडखळू शकतो.

तुमच्या यादीचं शेवटी काय झालं?

रकान्याचा प्रकार बदलायला अर्धा मिनिट लागला. नंबर मात्र परत आले नाहीत. कमाल किंमत लिहिली गेली तेव्हाच मूळ आकडे पुसले गेले होते, आणि सगळ्यांच्या जागी एकच संख्या असल्यावर कोणाचा कुठला हे उलटं काढणार कसं? काकांनी काही न बोलता जुनी वही पुढे केली. ती मी बसून पुन्हा उतरवून काढली. सी विंगच्या दोन पानांवर चहा सांडलेला होता, तेवढ्यांसाठी दारोदार गेलो.